शिंकं तुटलं नव्हतंच

"ऑपरेशन केलं ना, मग जाड होणारच ती."

मांजरीच्या नसबंदीच्या ऑपरेशनबद्दलचं हे वाक्य आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहे. दूधवाला म्हणतो, पेट शॉपवाला म्हणतो, खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, आणि नणंदेचा नवरा, जो माणसांचा डॉक्टर आहे, तोही चहा पिता पिता म्हणतो. म्हणायची पद्धत पण अशी की जणू पावसाळ्यात भिंतीला ओल येणारच, त्याला आता कोण काय करणार. माझी तक्रार एवढीच आहे की हे वाक्य अर्धं खरं आहे. पूर्ण खोटं असतं तर सोडून दिलं असतं, पण अर्धं खरं असल्यामुळे त्याच्या मागे लपायला फार सोपं जातं.

आधी एक सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी हे वाचून मांजरीचं ऑपरेशन कॅन्सल करायचं. करायचंच असतं ते. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि ती पिल्लं दूध पीत असतानाच ही परत माजावर. ज्यांनी माजावर आलेली मांजर घरात पाहिलीय त्यांना सांगायला नको, तो टाहो असा असतो की शेजारचे विचारायला येतात बाळ कुणाचं रडतंय. दर दोन-तीन आठवड्यांनी तेच. वर गर्भाशयात पू होण्याचा धोका, जो वेळेत कळला नाही तर मांजर जाते. आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांचा कॅन्सर होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास कमी होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. बोक्यांचं वेगळं, ते मारामाऱ्या करून फाटके कान घेऊन येतात, चावण्यातून रोग घेऊन येतात, आणि घरभर, सोफ्याच्या मागे, चपलांच्या स्टँडवर जो फवारा मारतात तो वास तर विचारूच नका. तर ऑपरेशन योग्य की अयोग्य हा प्रश्न माझ्या डोक्यात नाहीच. ऑपरेशननंतरच्या ताटलीबद्दल बोलायचंय मला.

होतं काय की अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं जे हार्मोन येतं ते इतर कामांबरोबर भुकेवरही एक लगाम ठेवून असतं. अंडाशय काढलं की लगाम गेला. आणि हे सावकाश महिन्यांनी होत नाही, काही दिवसांतच मांजर जास्त खायला लागते. म्हणजे पोटाचे टाके अजून तसेच आहेत आणि ही बया ताटली चाटून परत आपल्याकडे बघतेय. बोक्यांमध्येही भूक वाढतेच, शिवाय त्यांचं हद्दीवर गस्त घालणं, रात्री-अपरात्री भटकणं, भांडणं, हे सगळं ओसरतं, म्हणजे खर्च पण कमी. दुसरीकडे शरीराला लागणारी ऊर्जाही घटते असं मानतात, डॉक्टर लोक साधारण २० ते ३० टक्के कमी द्या म्हणून सांगतात. आता यात संशोधकांचं एकमत नाहीये बरं का. काहींनी मोजलं तेव्हा ऊर्जेचा खर्च चांगलाच उतरलेला दिसला, काहींनी चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या हिशोबाने मोजलं तर फारसा फरकच सापडला नाही, ते म्हणाले जाडी येते ती मुख्यतः जास्त खाल्ल्यामुळे. पण एका गोष्टीवर सगळे येऊन थांबतात, की समोर कायम भरलेली ताटली ठेवली तर वजन वाढतं आणि मोजून दिलं तर ते आटोक्यात ठेवता येतं. म्हणजे ऑपरेशनने भूक बदलली हे खरं, पण ताटली काय ऑपरेशनने भरली नाही.

त्यात वेळ पण अशी वाईट असते. आपल्याकडे बहुतेक जण पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करतात. नेमकं तेव्हाच पिल्लाची झपाट्याने वाढायची गती मंदावत असते, म्हणजे तशीही तिची गरज कमी व्हायला लागलेली असते. पण खाण्याची पिशवी कुठली चालू असते, तर पिल्लांची, जी मुद्दाम जास्त कॅलरीची बनवलेली असते. अर्धी पिशवी उरलीय, महाग आहे, संपवूया म्हणून आपण तीच पुढे ढकलतो. वाढ मंदावली, लगाम सुटला, आणि खाणं सगळ्यात जास्त ताकदीचं, हे तिन्ही एकाच महिन्यात. मग दोन-तीन महिन्यांनी लसीकरणाला नेलं की डॉक्टर काट्याकडे बघतात, मग आपल्याकडे बघतात.

पण मला वाटतं खरी गोष्ट यातही नाहीये. खरी गोष्ट आमच्या चिंगीच्या ऑपरेशननंतर सासूबाईंनी बोलून दाखवली. चिंगी म्हणजे आमची पांढरी-पिवळी, पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या खाली सापडलेली. तिला घरी आणलं, गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर, पोटावर भादरलेलं, भूल पुरती उतरलेली नाही, भिंतीला धडकत चालतेय. सासूबाई तिच्याजवळ खाली बसल्या (गुडघे दुखतात तरी बसल्या) आणि मला म्हणाल्या, "तिचं आईपण काढून घेतलंत, आता निदान पोटभर खाऊ तरी द्या तिला."

मला तेव्हा हसू आलं नाही. कारण हे फक्त सासूबाईंचं नाही, हे बहुतेक सगळ्या घरांत असतं, फक्त कुणी इतकं सरळ बोलत नाही. आपण एका जिवाला न विचारता त्याच्या शरीरातलं काहीतरी काढून टाकलंय, त्याच्या भल्यासाठी असेल, पण विचारलं नव्हतं. त्याचं काहीतरी देणं लागतो असं वाटत राहतं. आणि आपल्या लोकांना देणं फेडायची एकच रीत माहितीये, वाढणं. पोरगं हॉस्टेलवरून आलं वाढा, जावई आला वाढा, बाळंतीण आहे वाढा, कुणी गेलं तर तेराव्याला वाढा. मग मांजराचं ऑपरेशन झालं तर आपण दुसरं काय करणार? जास्तीची मांदेली, दुधात कुस्करलेली पोळी, पोळीला तूप. आणि मांजर जर गोल व्हायला लागली तर घरात कुणाला ते वाईट दिसतच नाही, उलट "बाळसं धरलंय" म्हणतात, "खात्यापित्या घरची दिसते" म्हणतात, पाहुणे कौतुक करतात आणि नंतर सासूबाई दृष्ट काढतात. रील्सवर तर जाडी मांजरं म्हणजे स्टारच, धाप लागून सोफ्यावर चढणाऱ्या बोक्याला लाखो लाईक.

शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं असं आपण म्हणतो. इथे शिंकं तुटलेलं नसतं, ते आपणच खाली काढून बोक्यासमोर ठेवलेलं असतं.

आणि मांजर मागते म्हणून देतो, असं म्हणाल, तर मागण्याचंही एक शास्त्र आहे. मोठी मांजरं आपसात फारसं म्यांव करत नाहीत, पिल्लू आईला करतं तेवढंच, पण माणसाबरोबर राहणारी मांजरं ते आयुष्यभर माणसासाठी राखून ठेवतात. २००९ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजरांच्या घुरघुरण्याचं रेकॉर्डिंग केलं तर त्यांना दिसलं की खायला मागतानाच्या घुरघुरीत एक उंच पट्टीचा रडका सूर मिसळलेला असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जाणारा. आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही अशा लोकांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटला. आता मला सांगा, सकाळी साडेपाचला हा सूर कानाशी आला तर कोण झोपून राहणार आहे. मुद्दा असा की ऑपरेशनच्या आधी ती मागते तेव्हा तिला बऱ्यापैकी भूक असायची, नंतर मात्र मागणं आणि गरज यांची फारकत होते. ती खोटं बोलत नाही, तिला खरंच भूक लागते, फक्त त्या भुकेवर आता भरवसा ठेवता येत नाही. मला हे स्वीकारायला सगळ्यात जड गेलं, कारण प्राण्याला आपली गरज माणसापेक्षा बरोबर कळते असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

मग मोजायचं. मोजायचं म्हणजे किती? डॉक्टर वापरतात तो सोपा हिशोब असा, मांजराचं वजन किलोत घ्या, त्याला ३० ने गुणा, त्यात ७० मिळवा. ४ किलोच्या मांजराला १९० आले. ही नुसती पडून राहण्याची गरज झाली, ऑपरेशन झालेल्या घरातल्या मांजरासाठी याच्या १.२ पट धरतात, म्हणजे २३० च्या आसपास कॅलरी. दिवसाला, सगळं मिळून. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसभराचे दाणे झाले साधारण ६० ग्रॅम. किचनच्या काट्यावर ६० ग्रॅम मोजून बघा एकदा, छोटी वाटीसुद्धा धड भरत नाही. माझा विश्वासच बसेना, मी काटा बंद करून परत चालू केला.

आता त्यावर आपल्या घरातलं वरखर्चाचं धरा. एक मध्यम पोळी, तूप लावलेली, १०० कॅलरीच्या घरात. म्हशीचं दूध अर्धी वाटी म्हणजे अजून तितक्याच. दूध-पोळी म्हणून सासूबाई प्रेमाने जे काही कुस्करतात ते मांजराचं जवळपास अख्ख्या दिवसाचं जेवण आहे, आणि ते त्या जेवणाच्या वर. बरं दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही, लहानपण संपलं की दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, पोट बिघडतं, तरी गोष्टीतली मांजर दूधच पिते म्हणून आपण देतो. आणि हे मोठमोठं सोडा, साधे दाणे घ्या. रोज दहा-बारा दाणे जास्त पडले तर दहाएक कॅलरी होतात, वर्षाला साडेतीन हजारच्या वर, कागदावर ते जवळपास अर्धा किलो चरबी होते. अर्धा किलो आपल्याला काहीच वाटत नाही, पण ४ किलोच्या जिवाला तो आठवा हिस्सा आहे. ६० किलोच्या बाईचं वजन साडेसात किलोने वाढलं तर ती स्वतः आधी आरशासमोर उभी राहील.

इथे एक गंमत सांगते. चिंगीच्या पोटाखाली मागच्या पायांपाशी एक लोंबती झालर आहे, चालताना डावी-उजवीकडे हलते. ऑपरेशननंतर ती सगळ्यांच्या डोळ्यात भरली आणि निदान झालं, "बघा, पोट सुटलं." पण ती झालर चरबी नव्हेच, ती मांजरांना मुळातच असते, वाघ-सिंहांनाही असते, कातडी सैल असल्यामुळे मागचे पाय ताणून उडी मारता येते, भांडणात पोटाला थोडं संरक्षण मिळतं असं म्हणतात. त्यामुळे झालर बघून घाबरायचं नाही आणि झालर आहे म्हणून जाडी लपवायचीही नाही. डॉक्टरांनी दाखवलेली युक्ती मला जास्त पटली. आपला हात पालथा करून बोटांच्या मागच्या हाडांवर दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, जसं लागतं तशा बरगड्या लागल्या तर वजन ठीक. मूठ आवळल्यावर सांधे वर येतात तशा लागल्या तर मांजर बारीक. आणि हात उलटा करून तळव्यावरून बोटं फिरवल्यासारखं मऊ-मऊ वाटलं, हाडं शोधावी लागली, तर जाड. वरून बघितलं तर बरगड्यांच्या मागे थोडी कंबर दिसायला हवी. ९ गुणांची एक पट्टी असते दवाखान्यात, ५ म्हणजे उत्तम. चिंगीला तेव्हा ७ मिळाले होते. सासूबाई म्हणाल्या, ९ पैकी ७ म्हणजे फर्स्ट क्लास.

जाडीने होतं काय हे लोकांना खरं वाटत नाही, कारण मांजर तक्रार करत नाही. ओट्यावर उडी मारणं बंद झालं की आपण म्हणतो शहाणी झाली, मुळात सांधे दुखत असतात. पाठीवर शेपटीच्या जवळ केसांत कोंडा दिसायला लागतो, गुंता होतो, कारण तिथपर्यंत तिचं तोंडच पोचत नाही, आणि मांजराला स्वतःला साफ न करता येणं म्हणजे किती मोठी गोष्ट आहे ते मांजरवाल्यांना कळेल. मधुमेह मांजरांना होतो, आणि बराचसा माणसांतल्या टाइप २ सारखाच, लठ्ठ मांजरांना धोका चारपटीपर्यंत जातो. दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचणारी माणसं मला माहीत आहेत, सुट्टीला बाहेर जाता येत नाही त्यांना. चांगली बाजू एवढीच की लवकर पकडलं, वजन उतरलं, आहार बदलला तर काही मांजरांचं इन्शुलिन सुटतंही. आणि बोक्यांची लघवी अडकते, त्यात घरात बसून राहणारा, जाड, कोरड्यावर असलेला, पाणी कमी पिणारा बोका फार सापडतो. तो शी-शूच्या ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतोय आणि काही होत नाहीये असं दिसलं तर बद्धकोष्ठ असेल म्हणून थांबू नका, त्याच क्षणी दवाखाना, रात्र असली तरी.

आता उतरवायचं कसं, तर उपाशी ठेवून अजिबात नाही. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. आपल्याकडे वजन कमी करायचं म्हटलं की उपास आठवतो, पण जाड मांजर दोन-तीन दिवस काही खाल्लंच नाही तर अंगावरची चरबी सुटून यकृतात जाऊन साठते, कान-हिरड्या पिवळ्या पडतात आणि जीव जाऊ शकतो. त्यामुळे एकादशी आपली आपल्यापाशी. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरावं, बस. म्हणजे ६ किलोच्या बोक्याचे आठवड्याला फार तर ६० ग्रॅम, दीड किलो उतरवायला सहा महिने सहज जातात. एवढा धीर कुणाला असतो. माणसं महिन्याभरात कंटाळतात आणि "तिची ठेवणच तशी आहे" म्हणून मोकळी होतात.

आमच्याकडे जे चाललं ते म्हणजे डबी. सकाळी दिवसभराचं सगळं मोजून एका डबीत. ज्याला कुणाला चिंगीचा लाड करायचाय त्याने त्या डबीतूनच करायचा, डबी संपली की दिवस संपला. यात कुणाला नाही म्हणावं लागत नाही हे महत्त्वाचं, कारण सासूबाईंना नाही म्हणणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. मूळ मांजर शिकारी आहे, जंगली जीवनात दिवसाला आठ-दहा उंदीर, एकेक साधारण ३० कॅलरीचा, म्हणजे थोडं थोडं बऱ्याचदा हीच त्याची मूळ सवय. म्हणून डबीतले दाणे अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाकायचे, ती पंजाने एकेक उकरून काढते, वेळही जातो. काही दाण्यांच्या ऐवजी ओलं खाणं दिलं की त्यात तीन-चतुर्थांशच्या वर पाणीच असतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि कॅलरी कमी. नुसतं उकडलेलं चिकन रोज देऊन भागत नाही, कॅल्शियम नसतं त्यात, शिजवताना टॉरिनही, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावा लागणारा एक घटक, बरंचसं पाण्यात निघून जातं, आणि टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि डोळे जातात. रविवारची मांदेलीची डोकी चालू आहेत. त्यावर तह झालाय, डोकी आली की डबीतले दाणे तेवढे कमी, आणि ते सासूबाई स्वतः कमी करतात, मीठ-हळद लावायच्या आधीची डोकी वेगळी काढून. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या शेजारी आता चिंगीचं वजन लिहिलेलं असतं. त्यांच्या पोटातली ती टोचणी गेली का, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पण वाढण्याचं काम त्यांच्याच हातात राहिलं, मला वाटतं त्यामुळेच हे जमलं.

जे सुटलेलं नाही ते खालचं प्रकरण. पार्किंगमध्ये एक बोका आहे, कानाचं टोक कापलेला (भटक्या मांजरांचं ऑपरेशन झालं की खूण म्हणून कापतात), म्हणजे त्याचंही ऑपरेशन झालंय हे उघड. वॉचमन त्याला शेठ म्हणतात, दुसऱ्या मजल्यावर तो गोट्या, कॉलेजची पोरं ब्रूनो म्हणतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, हा एकटाच सात घरं फिरतो आणि प्रत्येक घराला वाटतं बिचाऱ्याला आपल्याशिवाय कुणी नाही. वॉचमनची ग्लुकोज बिस्किटं, दुसऱ्या मजल्यावरचा मटणाचा रस्सा, पोरांचे दाणे, कोळीणबाई आली की टाकाऊ मासळी. परवा तो गाडीच्या बॉनेटवर चढायला गेला आणि अर्ध्यावरून खाली आला, सगळे हसले. डबीची आयडिया इथे कशी लावायची, सात घरांची एक डबी कोण भरणार, कोणाकडे ठेवणार? ग्रुपवर लिहिलं तर पहिल्यांदा लोक चिडतील, मग मांजरांना खायला घालावं की नाही हाच वाद सुरू होईल आणि त्यात बोका राहील बाजूला. काकू म्हणाल्या, शनिवारी सोसायटीची मीटिंग आहे, विषय पार्किंगचा आहे, शेवटी "इतर विषय" असतात त्यात काढू. मी म्हटलं तुम्ही काढा, मी अनुमोदन देते.